जकात नको, हजेरीपट द्या

भिवंडीतल्या आमच्या गल्लीतल्या चाचांचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात कोपरापासून गेला. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, रमजानमध्ये जकातही दिली. चाचा अजून त्याला दुआ देतात. माझा राग नेमका इथेच आहे.

कामगार विम्याच्या (ईएसआय) कायद्यात कामावर कायमचं अपंगत्व आलं तर हयातभर दरमहा रक्कम मिळते. वर्गणी किती वर्षं भरली, हे कुणी विचारत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे. कमाईची ताकद किती टक्के गेली ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. पूर्ण गेली तर मजुरीच्या ९० टक्के, नाहीतर त्या प्रमाणात. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर ती त्याच्याकडून वसूल करायची सोयही कायद्यातच आहे.

एक अट अशी की कारखान्यात निदान १० कामगार हवेत. चाचांच्या शेडमध्ये ४० जण होते. कागदावर मात्र ५ कारखाने: एक मालकाचा, एक बीबीचा, तीन भावांचे. चाचांकडे ना हजेरीकार्ड, ना पगाराची चिठ्ठी.

जकात फर्ज आहे, पण ती हक्काच्या पैशाऐवजी कशी चालेल? गेल्या जुम्म्याला मशिदीबाहेर मी मालकांकडे हजेरीपट मागितला. ते म्हणाले, "भाई, चाचांना काही कमी पडू देणार नाही."