जाळी झाकून किती पेट्रोल वाचेल?

सुट्ट्या लागल्या, समृद्धीवरून गाडी न्यायची ठरली, की मायलेजचे नुस्खे सुरू होतात. त्यातला एक असा: गाडीची पुढची जाळी पुठ्ठ्याने किंवा प्लास्टिकच्या शीटने झाका, हवा आत अडकणार नाही, गाडी हलकी पळेल. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

जाळीतून शिरलेली हवा रेडिएटरमधून आणि इंजिनच्या गर्दीतून वाट काढते. तिथे ती अडखळते आणि त्याची किंमत इंजिन मोजतं. म्हणून काही कंपन्या जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या बसवतात. इंजिन थंड असलं की बंद, तापलं की उघड्या. इलेक्ट्रिक गाड्यांत उष्णता कमी तयार होते, त्यामुळे अनेकींचं तोंड जवळपास बंदच असतं.

पुठ्ठ्याला मात्र तापमान कळत नाही. पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो आणि जवळपास तेवढीच उष्णता कूलंटला बाहेर टाकावी लागते. कूलंट साधारण 90 अंशांवर ठेवायचं असतं. बाहेर 10 अंश असतील तर फरक 80 अंशांचा. औरंगाबादेत मे महिन्यात पारा 42 वर गेला की तो 48 वर येतो. म्हणजे तेवढीच उष्णता काढायला जास्त हवा लागते आणि आपण नेमकी तीच अडवतो. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याचाही श्वास कोंडतो. थंड मुलखातले ट्रकवाले रेडिएटर झाकतात ते इंजिन गरम राहावं म्हणून. त्यांचा इलाज आपल्याला कसा लागू पडेल?

काही म्हणतील, काट्यावर लक्ष ठेवू. पण बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, मोठा बदल झाल्याशिवाय तो हलत नाही. अनेक छोट्या गाड्यांत काटाच नाही, फक्त दिवा. तो लाल होईपर्यंत हेड गॅस्केटवर बेतलेलं असू शकतं. मग लहान मुलं आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कित्येक पट पैसे गॅरेजमध्ये मोजायचे.

समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा आहे, सक्ती नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 120 ऐवजी 100 ने गेलात तर तो सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. जाळी झाकून त्यातला छोटासा वाटाच हाती लागतो. टायरची हवा नीट ठेवा, रेडिएटरमधली धूळ-किडे साफ करून घ्या, कूलंटची पातळी बघा. यात जोखीम नाही.

इसराफ टाळायला आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही आपली तालीम. पण त्याच दीनमध्ये मीजानही आहे, तोल राखण्याचा हुकूम आहे. एका बाजूची बचत दुसरीकडे नुकसान करत असेल, तर ती बचत नव्हे.

एक मागणी कंपन्यांकडेही आहे. आपल्या शेंद्रा-वाळूजमध्ये गाड्या बनतात. इथला उन्हाळा त्यांना नवा नाही. इंजिनच्या संगणकाला तापमानाचा खरा आकडा माहीत असतो. तो चालकाच्या डोळ्यांसमोर ठेवायला काय हरकत आहे? डॅशबोर्डवर गाणी, नकाशे, फोन सगळं दिसतं, इंजिनचा ताप तेवढा दिसत नाही. तो दिसेपर्यंत तरी जाळी उघडीच राहू द्या.