स्मृती हरपली, हक्क हरपलेला नाही

बंगळूरच्या यशवंतपूर बाजार आवारात महाराष्ट्रातील कांद्याचे ट्रक रिकामे होतात. ती पोती वाहण्यात ज्याची हयात गेली, असा एखादा वृद्ध हमाल आपल्याच घराची वाट विसरू लागला, की घरचे नाइलाजाने दाराला कडी घालतात आणि शेजारी ‘म्हातारा चळला’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. घराण्याचा कलंक नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय त्याने ग्रस्त आहेत. त्यांत स्त्रियांचे व ग्रामीणांचे प्रमाण अधिक आहे.

१९९० साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात अपंगांनी स्वाभिमानाचा मोर्चा काढला. हा स्वाभिमान म्हणजे दुःखाचे गोडवे नव्हेत. माणसाची किंमत त्याच्या उत्पादनक्षमतेवर ठरविणाऱ्या व्यवस्थेपुढे मान न तुकविणे, हा त्याचा अर्थ होय. ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही, त्याच्या वतीने हा स्वाभिमान त्याच्या सोबत्यांनी जपावयाचा असतो.

सरकारने अपंगांना ‘दिव्यांग’ ही पदवी बहाल केली. परंतु ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या गरिबाच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये ठरला, तो वर्षानुवर्षे वाढला नाही! २०१६ च्या कायद्याचे कलम ५ अपंगांना समाजात राहण्याचा हक्क देते. त्याच्या परिशिष्टातील २१ प्रकारांत कंपवाताचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे नाही. ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत स्मृतीचा उल्लेख असल्याने दार अगदीच बंद नाही. परंतु प्रमाणपत्रासाठी खेटे घालणाऱ्या सुनेला ते दार दाखविणार कोण? दिवसरात्र रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या त्या स्त्रीचे श्रम तर कोणत्याच हिशेबात नाहीत.

म्हणून परिशिष्टात स्मृतिभ्रंशाचा स्पष्ट समावेश, वस्तीवस्तीत दिवसा सांभाळ करणारी सार्वजनिक केंद्रे आणि पुरेसे निवृत्तिवेतन, या मागण्या कामगार चळवळीने आपल्या मानल्या पाहिजेत. निम्हान्ससारखी संस्था ज्या शहरात आहे, तेथील ज्ञान हमालांच्या वस्तीपर्यंत पोचलेच पाहिजे.

मात्र एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल. युनियनच्या सभेत त्या जुन्या सभासदाची खुर्ची कायम ठेवावी. तोलारांनी, चहावाल्याने, रिक्षाचालकांनी त्याचा चेहरा ओळखावा, तो भटकल्यास हात धरून त्याला घरी पोचवावे. ज्या संघटनेच्या उभारणीत त्याचा घाम आहे, तिचे नाव तो विसरला असेल. संघटनेने त्याचे नाव विसरता कामा नये.