फाइल गेली खरी, पण पोहोचली का?

या वेळचा प्रश्न शहापूरच्या एका वाचक भगिनींचा आहे. त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे घरातल्या मुलांच्या अज्जांनी, गायिलेले मराठी अभंग आणि कन्नड दासरपदे कॅसेटवरून काढून मुलाने बेंगळूरला भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली होती. तो सर्व्हर विंडोजचा. आता स्वस्तात लिनक्सचा सर्व्हर मिळाला म्हणून सगळा संग्रह तिकडे हलवायला घेतला, तर काही फाइली जातच नाहीत आणि काही गेल्या त्या मध्येच तुटतात. जुन्या जागेचे भाडे महिनाअखेर संपते. अज्जा आता नाहीत आणि कॅसेटना बुरशी लागली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावर आलेला संदेश वाचावा. आपल्याकडे ‘एरर आला’ एवढेच सांगायची पद्धत आहे. डॉक्टरांकडे जाऊन ‘दुखते आहे’ म्हणावे, पण कुठे ते सांगू नये, तसे हे झाले. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीत प्रत्येक अडचणीला आकडा आहे. 530 म्हणजे आत प्रवेशच मिळाला नाही. नाव किंवा पासवर्ड तपासा. 550 म्हणजे ती फाइल किंवा फोल्डर सापडत नाही, नाहीतर हात लावायची परवानगी नाही. 552 म्हणजे ठरवून दिलेली जागा भरली. यातले एकही दुखणे पुन्हा पुन्हा बटण दाबून बरे होत नाही.

या एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते अमेरिकेत एमआयटीत गेले होते. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हरकत नाही.

त्या पद्धतीत बोलण्याची वाट वेगळी आणि माल नेण्याची वाट वेगळी असते. म्हणून पुष्कळदा असे होते की लॉगिन होते, स्वागताचा संदेश येतो, पण फोल्डरची यादी काही उघडत नाही आणि शेवटी 425 हा आकडा दिसतो. फोन लागला, पण टेम्पो गल्लीत शिरेना, अशी गत. जुन्या रीतीत मालाची वाट सर्व्हर आपल्याकडे उघडायला बघतो आणि घरचा राउटर त्याला दारातच अडवतो. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘पॅसिव्ह’ निवडले की ती वाटही आपल्याच बाजूने उघडते आणि बहुतेक वेळा काम होते. खरे तर आता साधे एफटीपी सोडून एसएफटीपीच वापरावे. त्यात एकाच वाटेने सारे जाते आणि पासवर्डही झाकलेला राहतो. एफटीपीत तो उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही 2021 मध्ये एफटीपीला रजा दिली.

आता या भगिनींच्या घरचे खरे दुखणे. न जाणाऱ्या फाइलींची यादी त्यांनी धाडली, ती पाहताच लक्षात आले की सगळ्यांची नावे लांबलचक आहेत. पदाची पहिली ओळ, राग, ताल, कुठल्या देवळात, कुठल्या एकादशीला, सारे नावातच! काही मराठीत, काही कन्नडमध्ये. विंडोजमध्ये नावाला 255 चिन्हांपर्यंत मुभा असते. लिनक्समध्येही मर्यादा 255 चीच, पण ती चिन्हांची नव्हे, बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरी आणि कन्नड लिपीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. कानामात्राही वेगळी मोजायची. ‘बेळगाव’ म्हणजे सहा चिन्हे, 18 बाइट. कन्नड लिपीतले ‘बेळगावी’ सात चिन्हांचे, 21 बाइट. जोडाक्षरात पायमोडका हलन्तही मोजला जातो, म्हणून ‘क्ष’ एकटा 9 बाइटचा. कन्नडच्या ओत्तक्षरांचेही तेच. थोडक्यात, आपल्या दोन्ही भाषांना तिथे जेमतेम 85 चिन्हांची जागा. इंग्रजी नावांच्या फाइली बिनबोभाट गेल्या आणि आपल्याच अडल्या, त्याचे कारण हे. तंत्रज्ञ मंडळींना हे पटकन सुचत नाही, कारण त्यांच्या फाइलींची नावे इंग्रजीत असतात.

उपाय सोपा आहे. नाव आटोपशीर ठेवावे, उदाहरणार्थ ‘अभंग 014’ किंवा ‘दासरपद 027’, आणि बाकीचा तपशील क्रमांकासह एका साध्या यादीत लिहावा. ती यादीही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.

मध्येच तुटलेल्या फाइलींचा प्रकार वेगळा. वीज गेली, लाइन गेली की अर्धी फाइल पलीकडे पडून राहते आणि नाव बघून वाटते की आली. फाइलझिला वापरत असाल तर तो पुन्हा पाठवताना विचारतो. तिथे ‘पुढे चालू’ निवडावे. आकार किंचित कमी आणि गाणे खरखरते असे असेल, तर फाइल ‘मजकूर’ म्हणून गेली असण्याचा संभव आहे. त्या प्रकारात ओळी संपल्याची चिन्हे वाटेत बदलली जातात. लेखाला ते चालते, गाण्याचा सत्यानाश होतो. प्रकार ‘बायनरी’ करून फाइल नव्याने पाठवावी.

आणि आकार जुळला म्हणजे झाले, असेही नाही. फाइलचा ठसा काढता येतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्समध्ये ‘शा256सम’ ही आज्ञा दिली की 64 आकडे-अक्षरांची ओळ मिळते. दोन्हीकडची ओळ सारखी आली तर फाइल तंतोतंत तीच. एका बाइटचा फरक असला तरी ओळ पार बदलते.

भगिनींना मी एवढेच कळवले आहे की ठसे जुळेपर्यंत जुन्या सर्व्हरवरचे काही पुसू नका आणि महिनाभराचे भाडे आणखी भरा. मुलगा कुरकुरेल, भरायला लावा. शिवाय एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून तिजोरीत ठेवा. कॅसेटही टाकून देऊ नका. बुरशी जाणकाराकडून साफ करून घेता येते.