वाक्यात उपयोग करा, पण हसवून

'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला आहे. 'पाचावर धारण बसणे' आले की उत्तरही ठरलेले: वाघाला पाहून शिकाऱ्याची पाचावर धारण बसली. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलाचा ना वाघाशी संबंध, ना शिकाऱ्याशी. गुण मिळतात आणि पेपर संपला की वाक्प्रचारही डोक्यातून जातो.

त्याच मुलाला असे सांगून पाहावे: 'बोरिवलीला उतरायचे म्हणून काका संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढले आणि दारातल्या मंडळींचे चेहरे पाहूनच त्यांची पाचावर धारण बसली.' वसई-विरारमध्ये याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, हे मागाहून सांगितले तरी चालते. 'द्राविडी प्राणायाम' शिकवायचा तर मामांना वसई रोडहून नायगावला पाठवावे, पण दादरमार्गे! नायगाव हे पुढचेच स्टेशन, त्यामुळे वर्ग हसतो. 'चंचुप्रवेश' हवा असेल तर लोकलच्या दारात एक पाय टेकवलेला आणि दप्तर फलाटावरच राहिलेला विद्यार्थी पुरे.

यात गंमत आहेच, पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. वाघाच्या वाक्यात 'गाळण उडाली' किंवा 'बोबडी वळली' घातले तरी ते खपून जाते. मुलाला अर्थ कळला की नाही, हे शिक्षकाला समजत नाही. विनोद मात्र अर्थ नेमका कळल्याशिवाय जमत नाही. मामा थेट नायगावला पोचले, तर द्राविडी प्राणायाम उरतच नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीफन श्मिट यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साध्या वाक्यांत मिसळलेली विनोदी वाक्ये लोकांच्या अधिक लक्षात राहिली. मिसळलेली, हे महत्त्वाचे. सगळीच वाक्ये विनोदी केली तर हा फायदा ओसरतो. तेव्हा दहा वाक्यांत दोन-तीन गमतीची पुरेत.

आपल्याकडे हे नवे नाही. 'झेंडूची फुले' ही विडंबने लिहिणारे आचार्य अत्रे पेशाने शिक्षक होते आणि 'नवयुग वाचनमाला'ही त्यांचीच. हसणे आणि शिकणे त्यांनी वेगळे मानले नाही.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. वसई-विरारच्या वर्गांत आज घरी हिंदी, गुजराती बोलणारी मुले आहेत, तशीच कादोडी आणि वाडवळी बोलणारीही. म्हणून विनोद करताना पथ्य एकच: कुणाच्या बोलीची किंवा उच्चाराची टिंगल नको. हसू प्रसंगातून यावे.

शिक्षकांनी येत्या चाचणीत एवढे करावे: गाइडमधले वाक्य चालणार नाही, असे आधीच सांगावे. वाक्य मुलाचे स्वतःचे, त्याच्या गल्लीतले, त्याच्या लोकलमधले असावे. ते वाचून तपासणाऱ्याला हसू आले आणि अर्थ बरोबर असला, तर पूर्ण गुण द्यावेत.