पुडी उघडण्याआधी

देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चाकण-तळेगावच्या कंपनी बसची वाट पाहत उभी असणारी माणसं बघा. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि बऱ्याच वेळा तळाशी चूर्णाची एक डबी असते. या आठवड्यात सकाळची पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रीची. आज जेवण दुपारी एकला, सोमवारपासून रात्री दोनला. पोटाला घड्याळच उरत नाही. मग गॅस, जळजळ, सकाळी पोट साफ न होणं, आणि शेजारच्या लाइनवरच्या मित्राने दिलेली पुडी.

चूर्ण घेऊ नका, असं मी सांगणार नाही. आमच्या घरातही ओवा आणि सैंधव भाजून कुटलेली बाटली असते, आणि जड जेवणानंतर तिचा आधार वाटतो. पण एक विनंती आहे. पुडीत काय आहे हे कळल्याशिवाय ती तोंडात टाकू नका. कारण ‘पोटाचं चूर्ण’ नावाची एकच वस्तू नसते.

हिंग्वाष्टक घ्या. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही त्यातली आठ द्रव्यं, आणि बहुतेक सगळी उष्ण. पोट फुगतं, भूक लागत नाही, ढेकर अडकतो, अशा माणसाला ते लागू पडतं. जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून घ्यायची जुनी रीत आहे. पण ज्याच्या छातीत आधीच आग आहे, घशाशी आंबट येतं, त्याने तेच घेतलं तर आगीत तेल पडतं. मित्राला बरं वाटलं म्हणून तुम्हाला वाटेलच, असं नाही. दोघांची तक्रार वेगळी असते.

आंबट-जळजळीसाठी दुकानात अविपत्तिकर मागतात. लोक ते सौम्य समजतात, कारण चवीला गोड लागतं. पण शास्त्रोक्त पाठात जवळपास निम्मा भाग साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर असतं. निशोत्तर हे रेचक आहे, जुलाब घडवणारं. म्हणजे मधुमेह असणाऱ्याने साखरेचा विचार करायचा, आणि रात्रपाळीला निघताना घेणाऱ्याने लाइनवर मध्येच पळायची तयारी ठेवायची. पंचसकारही तसंच. सोनामुखी, सुंठ, सौंफ, सैंधव आणि शिवा म्हणजे हिरडा, असे पाच ‘स’कार. त्यातली सोनामुखी आतड्याला ढकलते. चार दिवस ठीक. पण महिनोन्‌महिने रोज घेतलं की शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, आणि चूर्णाशिवाय पोट हलणारच नाही असं वाटू लागतं. पुष्कळ लोकांची बद्धकोष्ठता खरं तर पाण्याची असते. गरम शेडमध्ये आठ तास घाम गाळायचा आणि बाटली अर्धी भरलेलीच परत आणायची, असं चालतं.

लवणभास्करच्या नावातच लवण आहे. समुद्रमीठ, पादेलोण, बिडलोण, सैंधव अशी मिठं त्यात आहेत. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने ते रोज घेणं म्हणजे एका हाताने दाब उतरवून दुसऱ्या हाताने चढवणं. घरगुती काढ्यात आणि चूर्णात ज्येष्ठमध ढीगभर घालणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. गरोदर बाईने तर कुठलंही रेचक चूर्ण विचारल्याशिवाय घेऊच नये, घरातल्या मोठ्यांनी कितीही खात्री दिली तरी.

आता रस्त्यावरच्या तंबूंबद्दल. काचेच्या बरण्या, वाळलेली मुळं, आणि ‘एकवीस दिवसांत पोट साफ, पित्त गायब’ असा फलक. तिथे पुडी कागदात बांधून मिळते. नाव नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. कायद्यानुसार बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर हे सगळं आणि घटकांची यादीही छापलेली असते. नसेल तर परत ठेवा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून विकत घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती तर बंद पाकिटं होती. पुडीचं कोण सांगणार? आणि चूर्ण जुनंही नको. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांनी उतरतं असं सांगितलं आहे. गेल्या दिवाळीची बरणी वासावरून चांगली वाटते म्हणून ठेवू नका.

पाठदुखीसाठी मेडिकलमधून गोळी आणायची, रिकाम्या पोटी घ्यायची, मग जळजळ झाली की चूर्ण. हे चक्र या पट्ट्यात मी फार बघतो. अशा वेळी पित्ताचा मूळ दोष त्या वेदनाशामक गोळीत असू शकतो. चूर्ण जळजळ झाकेल, आत जखम वाढत राहील. आणि आपल्याकडे तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’. देहू हाकेच्या अंतरावर असल्याने उपवास पाळणारे पुष्कळ, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाणा-शेंगदाण्याच्या खिचडीवर तीनदा चहा. मग दोष कुणाचा? पित्ताचा तर नक्कीच नाही!

काही लक्षणांना मात्र चूर्ण नको, डॉक्टर हवा. शौच डांबरासारखं काळं होणं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तसंही होतं, तेही सांगा), रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, कावीळ, सतत उलट्या, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला वाढत जाणारी कळ. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रारही यातच धरा. सर्वांत धोक्याची ती छातीतली जळजळ, जी जिना चढताना वाढते, घाम फोडते, जबड्यात किंवा हातात सरकते. हृदयाचा झटका पुष्कळदा पित्ताचं सोंग घेऊन येतो. तेव्हा पुडी शोधू नका, 108 ला फोन करा. चूर्ण घेऊन अर्धा तास वाट बघायची ती वेळ नसते.

बाकी तक्रारींना चार-पाच दिवसांची मुदत द्या. चूर्ण आणि दुसरी औषधं यांत दोन तासांचं अंतर ठेवा. या चार-पाच दिवसांत आराम नसेल तर वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जा. ज्यांचा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हप्ता पगारातून कापला जातो, 0.75 टक्के का असेना, ते पैसे तुमचेच आहेत. चिंचवडच्या मोहननगरातलं कामगार रुग्णालय त्याच पैशांवर चालतं. ठेकेदाराकडे काम करता म्हणून कार्ड नसेल असं गृहीत धरू नका. त्याच्याकडे आपला विमा क्रमांक मागा.

आणि जाताना चूर्णाची डबी सोबत न्या. ‘काहीतरी आयुर्वेदिक घेतो’ असं म्हटल्यावर डॉक्टरला काहीच कळत नाही. रागावतील म्हणून लपवूही नका. किती चमचे, किती दिवस, रिकाम्या पोटी की जेवणानंतर, हे सांगा. पुडी कागदातली असेल तर तो कागदच त्यांच्या टेबलावर ठेवा.