पिशवीतल्या सात बाटल्या



मागच्या महिन्यात एक चाची सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. वय साठीच्या पुढे, आठ वर्षांपासून शुगर. बसता बसता त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मुलानं कुवेतहून पाठवलंय. यातलं काय घेऊ आणि काय नको, तेवढं सांगा." पिशवीत सहा बाटल्या होत्या आणि सातवी प्लास्टिकची पुडी. शुगरची गोळी मात्र पिशवीत नव्हती. विचारल्यावर सून खाली बघू लागली. चाचींनीच सांगितलं, "तीन महिने झाले, बंद केली. गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणतात. म्हटलं, हे सगळं नैसर्गिक आहे, यानंच भागेल."

त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी केली. आधीचा आकडा ७.४ होता, आता तो ९.८ वर गेला होता. पायांना मुंग्या येत होत्या, रात्री तळवे जळत होते. चाचींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही गोष्ट इथे सांगतो आहोत. कारण अशी पिशवी आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या कपाटात आहे.

आधी गोळीचं बोलू. इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारं हार्मोन. जेवणातली साखर रक्तात आली की ती स्नायूंनी आत घ्यावी आणि लिव्हरनं साठवावी, असा निरोप ते देतं. मोठ्या वयात होणाऱ्या शुगरमध्ये निरोप जातो, पण स्नायू आणि लिव्हर तो नीट ऐकत नाहीत. म्हणून रात्री काहीही न खाता सकाळी तपासलं तरी साखर जास्त येते: आपण झोपलेलो असताना लिव्हर स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडत असतं. मेटफॉर्मिन ही गोळी लिव्हरला आवर घालते. गोळी बंद केली की हा आवर सुटतो. मग दिवसा कितीही पथ्य पाळलं तरी रात्रीची साखर वाढतच राहते.

किडनीची भीती मी खूप घरांत ऐकते. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेलं ब्लड प्रेशर. किडनी आधीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ती थांबवावी लागते, हे खरं. पण ते रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. शेजारच्या कुणाचं काय झालं यावरून ते ठरत नाही. आणि "नैसर्गिक" म्हणाल तर मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडात आहे. गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या घटकावरून हे औषध पुढे आलं आणि फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ साली ते मधुमेहासाठी वापरात आणलं. झाडाचं आहे की कारखान्याचं, यापेक्षा किती घ्यायचं, कुणी घ्यायचं आणि त्याचा परिणाम तपासला गेला आहे का, हे महत्त्वाचं.

आता बाटल्या एकेक करून पाहू.

पहिली बाटली कलौंजीच्या तेलाच्या कॅप्सूलची. कलौंजीचा उल्लेख सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये आहे आणि तिच्याविषयीचा आदर आपल्या मनात आहेच. काही लहान अभ्यासांत तिनं साखर थोडी उतरल्याचं दिसलं आहे. पण ते अभ्यास थोड्या लोकांवर आणि थोड्या काळापुरते झालेले आहेत. नानवर, लोणच्यात, भाजीत कलौंजी जरूर घाला. तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हारिस बिन कलदा या तबीबाकडे जायला सांगितलं, अशी नोंद सुनन अबू दाऊदमध्ये आहे. त्याच नोंदीत अजवा खजुरांचाही उल्लेख आहे. अन्न आणि तबीब, दोन्ही सोबत. चाचींना मी हेच सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

दुसरी बाटली सफरचंदाच्या सिरक्याची. जेवणासोबत थोडा सिरका घेतला तर जेवणानंतर साखर किंचित कमी चढते. पण उपाशीपोटी नुसता सिरका पिण्याची जी पद्धत निघाली आहे, तिनं दातांचं वरचं आवरण झिजतं, घशात आणि पोटात जळजळ होते. कांदा-काकडीच्या कचुंबरात चमचाभर सिरका घाला, तेवढा पुरे.

तिसऱ्या बाटलीत बर्बेरीन. आपल्याकडच्या दारुहळदीत असणारा हा पिवळा घटक. यानं साखर खरोखर कमी होते, आणि म्हणूनच ते जपून हाताळायला हवं. इतर औषधांसोबत घेतल्यावर त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते अजिबात घेऊ नये, बाळाला कावीळ वाढण्याचा धोका असतो. मेटफॉर्मिनवर जेवढा अनुभव आणि जेवढे अभ्यास आहेत, तेवढे यावर नाहीत. चाचींना मी ते बंद करायला सांगितलं.

चौथी बाटली माशाच्या तेलाची. यानं शुगर उतरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊही नये. आपण किनाऱ्यावरची माणसं. बांगडा आणि तारली यांत तोच ओमेगा-३ भरपूर असतो, आणि बाजारात हे मासे त्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळतात. फक्त दर वेळी तळू नका, कधी सालन करा.

पाचवी बाटली व्हिटॅमिन डीची, रोज ५,००० युनिटची. इथे मला दचकायला झालं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली ६०,००० युनिटची पुडीही चाची दर आठवड्याला घेत होत्या. दोन्ही मिळून आठवड्याला ९५,००० युनिट. जास्तीचं व्हिटॅमिन डी शरीरात साठून राहतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, तहान लागते आणि शेवटी किडनीला इजा होते. म्हणजे किडनीला जपायचं म्हणून गोळी सोडली आणि दुसऱ्या दारानं तोच धोका घरात आणला. अल्हम्दुलिल्लाह, चाचींचं कॅल्शियम ठीक निघालं.

आपल्या बायकांमध्ये व्हिटॅमिन डीची कमतरता खूप असते, ऑफिसात दिवसभर बसणाऱ्या पुरुषांतही असते. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, हाडांसाठी ती गरजेची आहे. पण डी घेतल्यानं शुगर टळते का? अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी दिलं, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. २०१९ साली निकाल आला: दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ६०,०००ची पुडी आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि गच्चीवर किंवा अंगणात पडदा सांभाळून थोडा वेळ ऊन घ्यायला पैसे लागत नाहीत.

सहावी बाटली सुनेची होती, केसांसाठी बायोटिन. तिला थायरॉइडचा त्रास आहे. जास्त प्रमाणातलं बायोटिन अंगात असताना रक्त दिलं तर थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, आणि चुकीच्या रिपोर्टवर डोस बदलला जातो. तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी ते थांबवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. सून सगळ्या गोळ्या नाश्त्यानंतर एकदमच घेत होती.

राहिली सातवी, प्लास्टिकची पुडी. ही कुवेतहून आलेली नव्हती, शेजारणीनं लांबच्या गावाहून आणून दिली होती. वर नाव नाही, घटक नाहीत, परवाना नंबर नाही, तारीख नाही. अशा "जडीबुटी"च्या पुड्यांत कुटलेल्या ॲलोपॅथीच्या गोळ्या सापडल्याची उदाहरणं आहेत. साखर उतरवणारी गोळी असेल तर ती अचानक इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. स्टेरॉइड असेल तर सांधे मोकळे वाटतात, भूक लागते, चेहरा भरतो, आणि आत साखर चढत जाते. स्टेरॉइड म्हणजे आपल्या शरीरातल्या कॉर्टिसॉल हार्मोनचंच भाऊबंद. ते बाहेरून येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. म्हणून महिनोन् महिने अशी पुडी घेतली असेल तर ती गुपचूप बंद न करता डॉक्टरांना दाखवा. न लाजता दाखवा. चाचींनी सुदैवानं ती दोनदाच घेतली होती.

सात बाटल्या झाल्या, आणि चाचींना ज्याची खरी गरज होती तेच त्या पिशवीत नव्हतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की अन्नातलं व्हिटॅमिन बी-१२ कमी शोषलं जातं. त्याच्या कमतरतेनंही पायांना मुंग्या येतात आणि आपण ते शुगरच्या खात्यावर टाकतो. चाचींचं बी-१२ तपासलं, फारच कमी निघालं. म्हणजे गोळी बंद करायची नव्हती, तिच्यासोबत बी-१२ घ्यायचं होतं. पूरक औषधाचं खरं काम हेच: तपासून जी उणीव सापडली ती भरून काढणं. मेटफॉर्मिनवर असलेल्या प्रत्येकानं अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं.

आणि दस्तरखानाचं काय? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली शरीरं दिसायला सडपातळ असली तरी आत चरबी बाळगतात. म्हणून काट्याइतकंच लक्ष टेपकडे द्या: बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावं.

चेन्नईत शुगरच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, ज्यांना नेहमीसारखंच राहू दिलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्के. रोजच्या चालण्यानं जवळपास गोळीइतकं काम केलं, आणि तेही आपल्याच देशातल्या माणसांवर. मात्र हे शुगर होण्याआधीचं. चाचींसारखं शुगर झाल्यावर चालणं आणि गोळी दोन्ही लागतं.

चाचींना मी चारच गोष्टी सांगितल्या. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कचुंबर. आधी कचुंबर आणि मासे किंवा डाळ, मग तांदळाची भाकरी, तीही तीनऐवजी दीड. दिवसाच्या पाच चहांतली साखर बंद. आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, अंगणात का होईना. स्नायू हलले की ते इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही साखर आत घेतात.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगते. लहान मुलांना किंवा तरुणांना होणाऱ्या, इन्सुलिनवरच चालणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नसतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचत नव्हती. "इन्सुलिन सोडवून देतो" असं म्हणणाऱ्याच्या दारात मुलाला नेऊ नका.

उठताना चाची हळूच म्हणाल्या, "मुलगा ओव्हरटाइम करून पाठवतो हो. त्याला कसं सांगू, नको म्हणून?" खरी अडचण ही होती. तीन महिने त्या बाटल्या घेत होत्या, त्यात औषधापेक्षा मुलाचं प्रेम जास्त होतं. मी म्हटलं, "नको म्हणू नका, चाची. दुसरं मागा. घरी साखर तपासायचं मशिन आणि त्याच्या पट्ट्या मागा, आणि चालायला चांगले बूट."

परवा त्या पुन्हा आल्या. पायात नवे बूट होते. महिन्यापूर्वी उपाशीपोटी २४६ असलेली साखर १३८ वर आली होती, मुंग्याही थोड्या कमी झाल्या होत्या. आकडे वहीत सुनेनं लिहिले होते आणि दर जुम्म्याला त्या वहीचा फोटो कुवेतला जात होता.

आज जमलं तर आपल्याही घरातलं कपाट उघडा. प्रत्येक बाटली हातात घेऊन विचारा: ही कोणत्या तपासणीवरून सुरू झाली, किती दिवस घ्यायची आहे, आणि माझ्या डॉक्टरांना ती माहीत आहे का? उत्तर सापडलं नाही तर ती बाटली पिशवीत टाका आणि पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जा. अल्लाह आपल्या सर्वांना शिफा आणि आफियत देवो. आमीन.