शिक्षा तुरुंगाची, औषध तोडण्याची नव्हे



तुरुंगातल्या एचआयव्हीबाधितांच्या औषधपाण्याचा प्रश्न युनियनच्या पानावर कशाला, असे काही साथी विचारतील. आपल्याच दवाखान्यांत औषधांसाठी खेटे घालावे लागतात, तिथे कैद्यांची चिंता कोणी करायची? पण तुरुंगात आहे तरी कोण, हे आधी पाहू.

2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यांतले चारांत तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. जामीनदार मिळत नाही म्हणून कित्येक जण आत राहतात. विनातिकीट प्रवासाचा दंड भरता आला नाही तरी तुरुंग दिसतो, हे रेल्वेच्या माणसाला सांगायला नको. यांतले बहुतेक आपल्याच वस्त्यांतले गरीब लोक आहेत.

देशातील प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण हजारी दोन. 2021 च्या सरकारी पाहणीत कैद्यांत ते शेकडा दोनच्या जवळ, म्हणजे जवळपास दहापट आढळले. यावर उपचार आहे. 2004 पासून सरकार एआरटीची औषधे मोफत देते. रोज न चुकता गोळी घेतली तर विषाणू दबून राहतो आणि माणूस कामधंदा करतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. मात्र गोळ्यांत खंड पडला की तो पुन्हा उसळतो, आणि पुढे तीच औषधे निकामी ठरू शकतात.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 31 ने सरकारच्या ताब्यातील प्रत्येकाला, कच्च्या कैद्यालासुद्धा, तपासणी, समुपदेशन आणि उपचाराचा हक्क दिला आहे. खरी मेख आहे ती सुटकेच्या दिवशी. जामीन कधी होईल याचा नेम नसतो. आदेश आला की माणूस बाहेर. गोळ्या आणि कागद आतच राहिले तर त्याने काय करावे? गाव दूर, हाताला काम नाही, घरचे दार उघडेल याची खात्री नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. सुटणाऱ्या प्रत्येक बाधिताच्या हाती किमान महिन्याच्या गोळ्या, उपचाराची कागदपत्रे आणि गावाजवळच्या एआरटी केंद्राच्या नावे चिठ्ठी दिलीच पाहिजे. तपासणी संमतीनेच व्हावी आणि नाव गुप्त राहावे.

काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. नेमून दिलेल्या एआरटी केंद्रात उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात 50 टक्के सवलत आहे. बुकिंग खिडकीवर त्याचे प्रमाणपत्र रांगेला ऐकू जाईल असे वाचले, तर ती सवलत पुन्हा कोण मागेल? तुरुंगाच्या शिक्क्याचे पत्र पोस्टमनने निमूटपणे घरात द्यावे. त्याची चर्चा चाळीत होऊ नये.

एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणे वा काढून टाकणे या कायद्याने भेदभाव ठरते. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे सक्तीचे आहे. आपल्या कार्यालयात तो नेमला आहे का, हे पुढच्या शाखासभेत विचारा. 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक फलकावर लावा. आणि सुटून आलेला साथी काम मागायला आला, तर त्याला दारातून परत पाठवू नका.